चाळ कोणी बांधले, कोणी सोडवले? मावळातल्या एका तालमीच्या निमित्ताने

मागच्या वर्षी भीमजयंतीच्या तोंडावर लोणावळ्याजवळच्या एका वस्तीत आम्ही कार्यक्रमाची तालीम घेत होतो. विषय महाडच्या चवदार तळ्याचा. गाणे वस्तीतल्या मुलांनी रचलेले, मागचा पडदा एका मुलाने रंगवलेला, हलगी शेजारच्या मातंग वस्तीतल्या तरुणाची, मधेमधे संवाद आणि शेवटी सात मुलींचा नाच. तळ्याकडे चालत जाणे, वाकणे, ओंजळ भरणे, ओंजळ वर उचलणे. हलगीच्या ठेक्यावर एवढ्याच हालचाली. तिसऱ्या दिवशी वस्तीतल्या एक आजी विहाराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. थोडा वेळ त्यांनी पाहिले आणि मला म्हणाल्या, "पोरी, बाबासाहेबांनी आमच्या बायांच्या पायातले चाळ सोडवले. तू परत बांधायला निघालीस का?"

दुसऱ्या दिवशी सातपैकी तीनच मुली आल्या.

त्याच आठवड्यात आणखी दोन गोष्टी घडल्या. जयंती मंडळातले तरुण म्हणाले, "ताई, एवढी मेहनत कशाला? डीजे ठरवलाय, सगळे नाचतील." आणि एका रिसॉर्टच्या माणसाने निरोप धाडला की, शनिवार-रविवारी पाहुण्यांसमोर तुमची मुले-मुली नाचतील का, लावणी असेल तर उत्तम, पैसे रोख देऊ.

आजी म्हणतात नाचू नका. मंडळ म्हणते कसेही नाचा. रिसॉर्ट म्हणते आमच्यासमोर नाचा. मुलींना काय वाटते, हे तिघांपैकी कोणीच विचारले नव्हते. खरे सांगायचे तर तोपर्यंत मीही विचारले नव्हते.

आजींना उत्तर देण्यासाठी मला आपल्याच इतिहासात परत जावे लागले. तो इतिहास चळवळीतल्या तरुणांसमोर ठेवावा म्हणून हा लेख.

आजी चुकीचे बोलत नाहीत

पहिली गोष्ट कबूल केली पाहिजे. आजींचा आक्षेप जुनाट नाही, तो अनुभवातून आलेला आहे. गावगाड्यात वाजवणे, गाणे, नाचणे हे अस्पृश्यांच्या वाट्याला कला म्हणून आले नाही, काम म्हणून आले. लग्नात हलगी-सनई वाजवायची, जत्रेत देवापुढे नाचायचे, मुरळी म्हणून मुलगी सोडायची, पोतराज होऊन अंगावर आसूड ओढायचे. मोबदला म्हणजे बलुते, नाहीतर शिळे अन्न. "आज मला गायचे नाही" असे म्हणायची सोय त्यात नव्हती. जिथे नाही म्हणता येत नाही, त्या गोष्टीला कला म्हणायचे की वेठ?

तमाशाचे तेच. तमाशा उभा केला तो महार, मातंग, कोल्हाटी अशा जातींतल्या कलावंतांनी. प्रतिष्ठा मात्र कोणाला मिळाली? पठ्ठे बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मण घरातला माणूस तमाशात आला, म्हणून त्याच्या त्यागाच्या कथा झाल्या. त्यांच्यासोबत फड गाजवणारी पवळा संगमनेरजवळच्या हिवरगाव पावसा गावची, महार समाजातली. बापूराव शाहीर ठरले, पवळा 'नाची' राहिली. एकाच फडात, एकाच रात्री, एकाच लोकांपुढे उभे राहून एकाची जात मोठेपण देऊन गेली आणि दुसरीची जात तिच्यावर डाग ठेवून गेली.

महाडच्या सत्याग्रहासाठी पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते घेतले नाही, ही हकीकत चळवळीत सर्वांना माहीत आहे. चळवळीला तेव्हा पैशाची चणचण होती, तरीही घेतले नाही. आपल्याच बायकांना नाचवून आलेल्या पैशावर आपल्याच माणुसकीचा लढा उभा करायचा, हे त्यांना पटणारे नव्हते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडलाच त्यांनी स्त्रियांना सांगितले की जातीची ओळख पटवणारे लुगड्याचे नेसणे आणि दागिने सोडा. पुढे १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांनी कामाठीपुऱ्यातल्या स्त्रिया, देवदासी, जोगतिणी, मुरळ्या, वाघ्ये, पोतराज यांच्यासमोर भाषण केले आणि हे जिणे सोडण्याचे आवाहन केले.

आजी म्हणतात ते 'चाळ सोडवणे' हेच. आमच्या आधीच्या दोन पिढ्यांनी मुलींना नाचापासून लांब ठेवले, पाटी-पेन्सिल हातात दिली, म्हणून माझ्यासारखी मुलगी समाजशास्त्रात एम.ए. झाली. हे विसरून कोणी 'कलेचे स्वातंत्र्य' शिकवायला निघाले तर तो कृतघ्नपणा होईल.

पण बाबासाहेबांनी नाकारले ते नेमके काय?

इथे आपली गल्लत होते. बाबासाहेबांनी ढोलकी नाकारली की ढोलकीमागची व्यवस्था? उत्तर त्याच काळात सापडते. एकीकडे तमाशाचा पैसा परत जात होता आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत आंबेडकरी जलसा उभा राहत होता. जलशात तीच ढोलकी, तेच तुणतुणे, तीच झांज होती. पुष्कळदा माणसेही तमाशातून आलेली. बाबासाहेबांनी या जलशांना प्रोत्साहन दिले, त्यांचे कार्यक्रम पाहिले.

जलशाची मुळे आणखी मागे जातात. जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक १८५५ साली लिहिले. सत्यशोधक समाज १८७३ चा, आणि त्याच्या प्रबोधनासाठी पुढे सत्यशोधक जलसे गावोगाव फिरले. तमाशाचा साचा तोच, आशय उलटा. आंबेडकरी जलशाने तो साचा आणखी पुढे नेला. गणात गणपतीऐवजी बुद्धी, विद्या, बाबासाहेब आले. गवळणीतली कृष्णाची छेडछाड गेली. बतावणीत दोन पात्रे सवाल-जवाब करीत शिक्षण, मृत जनावराचे मांस, दारू, बालविवाह, मंदिरप्रवेश, पुणे करार असे विषय सोडवू लागली. वगात राजा-राणीऐवजी गावचा पाटील, भटजी, तलाठी आणि शाळेत जाणारा मुलगा आला.

नाशिकच्या भीमराव कर्डकांचा जलसा या सगळ्यांत अग्रणी. त्यांनी स्वतःच पुढे 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तक लिहून हा इतिहास जपला. जलसा ही एका माणसाची कला नव्हती, हे नीट लक्षात घ्या. दहा-बारा जणांचा संच. एक कवन रचतो, दुसरा चाल लावतो, तिसरा ढोलकीवर, चौथा सोंगाड्या, पाचवा भाषण करतो. दिवसा गिरणीत, शेतात किंवा रेल्वेत काम, रात्री कंदिलाच्या नाहीतर पेट्रोमॅक्सच्या उजेडात जलसा. गाणे, नाट्य, नाच, भाषण आणि बातमी हे सारे एकाच रात्री, आणि समोरचा माणूस नुसता प्रेक्षक नाही, तर सभेचा सभासद.

आज विद्यापीठांत 'कम्युनिटी आर्ट', 'कोलॅबोरेटिव्ह परफॉर्मन्स' असे शब्द ऐकू येतात. ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल यांच्या 'थिएटर ऑफ द ऑप्रेस्ड'वर कार्यशाळा होतात, आणि त्या व्हाव्यातच. पण बोआलचे पुस्तक १९७४ चे आहे. त्याच्या चाळीसेक वर्षे आधी आमच्या माणसांनी वस्तीच्या चौकात हेच केले आणि त्यासाठी कुठलीही फेलोशिप मागितली नाही.

मात्र जलशाची एक उणीवही सांगितली पाहिजे. जलशातली स्त्रीपात्रे बहुतेक पुरुषच करीत. तमाशातल्या अपमानापासून बाईला सोडवण्यासाठी तिला मंचावरूनच उतरवले गेले. त्या काळी ते समजण्यासारखे होते. पण मंच परत मिळवला तो पुरुषांनी, बाईने मिळवायचा राहिला. आजींच्या दारातल्या प्रश्नाचे मूळ इथे आहे. चाळ सुटले, पण पाय मोकळे झाले का?

सोडलेली जागा रिकामी राहत नाही

याच १९३६ सालची दुसरी एक घटना आंबेडकरी तरुणांनी लक्षात ठेवावी अशी आहे. त्या वर्षी मद्रासजवळ अड्यारला रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी कलाक्षेत्र ही संस्था सुरू केली. देवदासी स्त्रियांनी पिढ्यानपिढ्या जपलेला नाच 'भरतनाट्यम्' या नावाने उच्चवर्णीय मुली शिकू लागल्या. पुढे १९४७ साली मद्रासमध्ये कायदा होऊन देवदासी प्रथा बंद झाली. प्रथा बंद झाली हे उत्तमच. पण परिणाम काय झाला? ज्यांच्या अंगात तो नाच होता त्या स्त्रिया मंचाबाहेर गेल्या आणि नाच मात्र 'शास्त्रीय' होऊन सभागृहात गेला. कलंक एकीकडे राहिला, कला दुसरीकडे गेली.

आपल्याकडेही फार वेगळे घडले नाही. १९४८ साली बाळासाहेब खेर यांच्या सरकारने तमाशावर बंदी आणली, मग अटी घालून, संहिता तपासून परवानगी दिली. तमाशा 'शुद्ध' झाला की तो 'लोकनाट्य' होतो आणि पांढरपेशा रंगभूमीवर जातो. फडात नाचणारी बाई मात्र फडातच राहते. आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावच्या विठाबाई पाहा. खेळ चालू असताना पडद्यामागे बाळंत झालेल्या आणि पुन्हा मंचावर जायला निघालेल्या विठाबाईंची गोष्ट महाराष्ट्र कौतुकाने सांगतो. मला त्या गोष्टीत कौतुक करण्यासारखे काही दिसत नाही. नऊ महिने भरलेल्या बाईला त्या रात्री सुट्टी का घेता आली नाही, हा प्रश्न त्या गोष्टीत आहे. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या कलावतीची अखेरची वर्षे ओढगस्तीत गेली. २००२ साली त्या वारल्या आणि नंतर त्यांच्या नावाने शासनाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला.

पुण्याच्या येरवड्यात वाढलेल्या इतिहासकार शैलजा पाईक यांनी 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' (२०२२) या ग्रंथात तमाशातल्या दलित स्त्रियांचाच इतिहास मांडला आहे. 'अश्लील' हा शिक्का जातीशी कसा जोडलेला आहे आणि त्या शिक्क्याखाली जगणाऱ्या स्त्रिया माणुसकीसाठी कशा झगडल्या, हे त्यात वाचायला मिळते. एका बाजूला समाज या बाईला नाचवतो, दुसऱ्या बाजूला तिला अश्लील म्हणतो. आणि आपण प्रतिष्ठेच्या काळजीने तिच्याकडे पाठ फिरवली तर तिने जायचे कुठे?

मावळातला दगड काय सांगतो

आता आपल्या मावळाकडे येऊ. लोकलने पुण्याहून लोणावळ्याला जाताना मळवली स्टेशन लागते. रुळांच्या एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. रविवारी आपली पोरे भाज्याच्या धबधब्यात भिजायला जातात, पण वर लेण्यापर्यंत चढणारे कमी.

भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची. तिथल्या एका विहाराच्या भिंतीवर कोरीव शिल्पे आहेत. रथातल्या आणि हत्तीवरच्या आकृत्यांना सूर्य आणि इंद्र म्हणायची पद्धत आहे. अर्थाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, तो वाद इथे नको. याच शिल्पांत नाचणारी एक बाई आहे, तिच्या जोडीला वाद्य वाजवणारी माणसे आहेत. ही शिल्पे भिक्खूंच्या राहत्या विहारात आहेत, हे महत्त्वाचे. बौद्ध म्हटले की नाचगाणे वर्ज्य, असे सांगणाऱ्यांनी एकदा तो डोंगर चढावा.

धम्मात नाच वर्ज्य आहे का? आपण रोज जे पंचशील घेतो त्यात नाच-गाण्याचा उल्लेख नाही. नृत्य, गीत, वादन यांपासून दूर राहण्याचे शील उपोसथाच्या दिवशी घ्यायच्या अष्टशीलात आणि श्रामणेरांच्या दशशीलात येते. म्हणजे ती साधनेची शिस्त आहे, उपासकाच्या साऱ्या आयुष्यावर घातलेली बंदी नाही. बावीस प्रतिज्ञांतही तशी बंदी नाही. बौद्ध महाकवी अश्वघोषाने नाटके लिहिली. सारिपुत्ताच्या धम्मप्रवेशावरच्या त्याच्या 'शारिपुत्रप्रकरण' नाटकाचे अवशेष मध्य आशियात तुर्फानला सापडले. धम्म मंचावरून सांगायची परंपरा इतकी जुनी आहे.

पण भाज्याच्या त्या शिल्पाने मी हुरळून जात नाही. नाचणारी बाई तिथेही आसनावर बसलेल्या कोणा मोठ्या माणसापुढेच नाचते आहे. तिचे नाव कुठे नाही. तो नाच तिच्या मर्जीचा होता की हुकमाचा, हे दगड सांगत नाही.

कार्ल्यात नावे आहेत. तिथल्या चैत्यगृहात जे शिलालेख आहेत, ते मला आपल्या कामासाठी सगळ्यात मोलाचे वाटतात. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख प्रसिद्ध आहे. पण त्याच्याबरोबर धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या गंध विकणाऱ्याचे नाव एका दारावर आहे. सामी नावाच्या सुताराने दार घडवल्याची नोंद आहे. खांबांवर यवन दात्यांची नावे आहेत. भिक्खुणीने दिलेल्या दानाची नोंद आहे. एक खांब याचा, एक दार त्याचे, कठड्याचा तुकडा तिचा, आणि सगळ्यांचे मिळून एक चैत्य. ज्याने पैसा दिला त्याचे नाव आहे, आणि ज्याने हाताने काम केले त्याचेही आहे. सामूहिक कलाकृती म्हणजे काय, हे याहून सोप्या भाषेत मला सांगता येणार नाही.

आजचे चार प्रश्न

धम्मदीक्षेनंतर जलसा मागे पडला आणि गायन पार्ट्या, कव्वालीचे मुकाबले आले. वामनदादा कर्डकांची गाणी खेड्यापाड्यांत पोहोचली. विठ्ठल उमपांनी लोकगीत, कव्वाली आणि अभिनय एकाच गळ्यात नांदवले आणि २०१० साली नागपूरला दीक्षाभूमीवरच्या मंचावरच शेवटचा श्वास घेतला. विलास घोगरेंनी रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर, १९९७ साली, स्वतःला संपवले. आणि आता बायका आल्या आहेत. कडूबाई खरात एकतारी घेऊन गातात तेव्हा लाखो लोक ऐकतात. शीतल साठे नवयान महाजलशात स्वतः पुढे उभ्या राहून शाहिरी करतात. जलशात जी जागा रिकामी राहिली होती ती बाईच भरते आहे, आणि कोणाच्या हुकमाने नव्हे.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. नाचायचे की नाही, हा वाद चुकीच्या जागी अडकला आहे. मंचावर जाण्याआधी चार प्रश्न विचारावेत. ठरवले कोणी? समोर कोण बसले आहे आणि कशासाठी? पैसा आणि नाव कोणाला मिळणार? आणि सगळ्यात महत्त्वाचा: नाही म्हणता येते का?

बलुत्यातली हलगी या चारही प्रश्नांत नापास होते. पवळाचा फडही होतो. जलसा पहिल्या तिन्हींत पास होतो. रिसॉर्टचा निरोप कुठे बसतो हे तुम्हीच पाहा. लोणावळ्यात आपली माणसे पाहुण्यांच्या खोल्या झाडतात, भांडी घासतात, रात्रभर गेटवर उभी राहतात. ती मेहनत आहे, तिची लाज नाही. पण त्याच पाहुण्यांच्या जेवणापुढे आपल्या मुलींनी लावणी करायची, हा गावगाड्याचा नवा पत्ता आहे. आणि डीजे? तिथे मुले मर्जीने नाचतात हे खरे. पण तिथे ना कोणी कवन रचते, ना कोणी वाजवते, ना बायकांना मोकळी जागा मिळते. वर्गणी आपली, आवाज भाड्याचा. जलशाच्या वारसांनी वर्षातून एकदा तरी स्वतःचे काही उभे करू नये का?

आमच्या तालमीचे पुढे काय झाले, ते सांगते. आम्ही विहारात बसलो. हा सगळा इतिहास मी आजींसमोर आणि मुलींसमोर मांडला, पवळा आणि विठाबाईंसह. मग मुलींना विचारले. पाच मुली म्हणाल्या, करायचे. दोघी नको म्हणाल्या. त्यांना कोणी आग्रह केला नाही, कारण नाही म्हणता येणे हाच तर फरक आहे. त्या दोघींनी संवाद वाचले. आजी शेवटी एवढेच म्हणाल्या, "करा. पण पायात चाळ नको."

ती अट आम्ही मानली. मुली अनवाणी नाचल्या, ताल फक्त हलगीचा होता. कार्यक्रमाच्या फलकावर आम्ही सगळ्यांची नावे लिहिली: गाणे कोणाचे, पडदा कोणाचा, हलगी कोणाची. हलगीवाला तरुण फलकापाशी बराच वेळ उभा होता. इतकी वर्षे लग्नांत, मिरवणुकांत वाजवतो, पण नाव कोणी लिहिले नव्हते, असे तो म्हणाला. बौद्ध आणि मातंग वस्त्या एकमेकांच्या जयंतीला का जात नाहीत, यावर आपण कितीदा चर्चासत्रे घेतली. त्या दिवशी त्याच्या घरची माणसे आमच्या जयंतीला आली होती.

मावळातल्या तरुणांना एक प्रस्ताव देते. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. मावळच्या वेशीवर ही धम्मभूमी आहे आणि दरवर्षी तिथे लोक जमतात. त्या दिवसाच्या आधी तळेगाव, वडगाव, कामशेत, मळवली, लोणावळा इथल्या वस्त्यांनी एकेक भाग उचलावा. एका वस्तीने गाणे, दुसरीने बतावणी, तिसरीने चित्रे, चौथीने नाच. लेण्यांत कार्यक्रम करायचा हट्ट नको, ती संरक्षित स्मारके आहेत आणि ती जपणे आपलेच काम आहे. वस्तीचे मैदान पुरेसे आहे. कार्ल्याच्या खांबांसारखे प्रत्येकाने आपापले काम आणावे आणि त्यावर आपले नाव लिहावे.

आणि त्यात कोणाची मुलगी नाचणार असेल, तर आधी तिलाच विचारावे.

जय भीम!